करंगळीची तक्रार

माझी मोठी जाऊ, आमची वहिनी, पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत बसायची. अख्खी नोकरी त्या एका खिडकीत. बाहेरून माणसं ओरडत यायची आणि ही आतून शांतपणे विचारायची, "कधीपासून?" निम्म्यांचा राग त्या एका प्रश्नातच विरायचा, कारण कधीपासून ते त्यांनाच नीट ठाऊक नसायचं. उरलेल्यांची तक्रार ती घ्यायची, आणि एकदा घेतली की घेतली. बाजूच्या खिडक्यांतले लोक प्लंबर घराबाहेर पडला की 'निकाली' म्हणून मोकळे व्हायचे. वहिनी नाही. प्लंबर परत येऊन पाणी आलं म्हणाला, तरी ती त्या घरी फोन लावायची. "नळ सोडा. फोन नळाजवळ धरा. मला ऐकू द्या." पाण्याचा आवाज कानावर पडला की म्हणायची, "आता बंद करा," आणि तेही ऐकायची. बंद केल्यावर जर टिपटिप ऐकू आली, तर ही बाई स्वतःच त्या घराच्या नावाने नवी तक्रार घ्यायची. साहेबांनी तिच्यापुढे हात टेकले होते.

असल्या बाईला नवरा मिळाला तो चष्म्याचा दुकानदार. भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, समोरच्या तोंडावर कुठलीही फ्रेम चढवून "वा! तुमच्यासाठीच घडवलीये" म्हणत आयुष्यभर जगले. खोटारडे नाहीत हो, फक्त कुणाचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नाही. वहिनी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेली तेव्हा तिलाही म्हणाले, "फार शोभतो." ती आरशात बघून म्हणाली, "खोटं. नाक बटाट्यासारखं दिसतंय." भाऊजींना त्या दिवसापासून दुसरी मुलगी दिसलीच नाही. काय म्हणावं आता माणसाच्या नशिबाला!

आणि मी. मी शाळेची व्हॅन चालवते. पोरांना पोचवायचं, आणायचं, आणि मधल्या वेळात घरच्यांनी माझी व्हॅन फुकटची समजून वापरायची. भाऊजी लाडाने मला 'ड्रायव्हर' म्हणतात आणि मला त्याचा राग येतो. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, ते दोघं वरच्या.

तर वहिनी निवृत्त झाली आणि थोड्याच दिवसांत तिला झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. ज्याला येतो त्याला विचारा म्हणावं, सौम्य असतो का ते. वाचा गेली नाही. तिची वाचा गेली असती तर आमच्या घरात उरलं काय असतं? पाय लवकर ताळ्यावर आला. पण डावा हात रुसला. आणि वहिनी डावरी! लिहायचं डाव्याने, चिरायचं डाव्याने, मला दटावायला उगारायचं ते बोटसुद्धा डावंच. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं हळूहळू कामावर रुजू झाली. अनामिका आणि करंगळी मात्र बिनपगारी रजेवर गेली ती गेलीच.

बाकी सगळं ती कसंबसं उजव्या हाताने निभवायची. वेणीचं मात्र जमेना. वहिनीचे केस कमरेपर्यंत, आणि नोकरीवर जाताना ती आरशात न बघता, एकीकडे मला चार गोष्टी सुनावत, घट्ट वेणी घालून बाहेर पडायची. आता वेणी भाऊजी घालायचे. चष्म्याचे इवलेसे स्क्रू पिळणारा माणूस, पण कंगवा हातात आला की सगळी गडबड. वेणी कधी कानामागून निघायची, कधी मानेवर येऊन दमायची. "झकास झालीये!" म्हणायचे. वहिनी आरशाकडे पाठ करून बसायची. तिची ती पाठ बघितली की मला जिन्यात जाऊन रडू यायचं, आणि मी काही रडणाऱ्यातली नाही.

"जे यायचं ते बहुतेक वर्षभरात येतं," असं डॉक्टर म्हणाले होते. वर्ष निम्म्याच्या पुढे सरकलं होतं. वहिनीला बाकी काही नको होतं. आपली वेणी आपल्या हाताने घालायची, बस्स.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी रबरी चेंडू दिला. वहिनीने तो चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी खिडकीतून भिरकावला. "याला दाबला काय आणि न दाबला काय, गप्पच बसतो. मला कळायचं कसं, बोटाने काम केलं की नुसता देखावा? मला उत्तर देणारं काहीतरी द्या." बाई वैतागून म्हणाल्या, "मग पियानो घ्या! बोटाने नीट दाबलं तरच बोलतो."

त्या रागात बोलल्या होत्या. वहिनीने तो हुकूम समजला.

"पियानो?" भाऊजी उभेच राहिले. "अगं, कपाटाएवढा असतो. छोटा विजेवरचा घेऊ की, मांडीवर मावेल असा."

"तो नुसतं बोट लावलं तरी वाजतो. लाडावलेला आहे तो. मला हट्टी हवाय."

नवा घ्यायची ऐपत कुणाची? म्हणून जुना, भिंतीला पाठ लावून उभा राहणारा शोधायचं ठरलं. आमच्या सात पिढ्यांत कुणी सुरात शिट्टीसुद्धा मारलेली नाही. पियानोची पुढची बाजू कुठली हे मला पट्ट्या दिसल्या म्हणून कळलं, एवढंच.

पहिल्यांदा आम्ही दुकानात गेलो. काचेच्या दरवाज्याचं, गालिचा घातलेलं दुकान. मालकाचे केस पियानोसारखेच चकचकीत. आम्हाला बघताच तो एका काळ्याभोर पियानोपुढे बसला आणि दोन्ही हातांनी असं काही वाजवू लागला की भाऊजींनी खिशातून रुमाल काढला. वाजवून झाल्यावर तो वळून म्हणाला, "आवाज बघा ताई. मध!"

"तुम्ही उठता का जरा?" वहिनी म्हणाली.

तो उठला. वहिनी खुर्चीवर बसलीच नाही. सरळ डाव्या टोकाला गेली, शेवटच्या पट्टीवर डावी करंगळी ठेवली आणि दाबली. म्हणजे दाबायचा प्रयत्न केला. तोंड लाल झालं, मानेची शीर वर आली, पट्टी ढिम्म.

"अहो, तिथे नाही," मालक म्हणाला. "मधे वाजवा, मधे. तिकडे कुणी जात नाही."

"मला तिकडेच जायचंय. बरं, याच्याबद्दल तक्रार काय आहे?"

"तक्रार? ताई, या पियानोबद्दल आजवर एकही तक्रार नाही."

"एकही नाही?"

"शोधून सापडणार नाही."

वहिनी माझ्याकडे वळली. "चल गं. व्हॅन काढ."

बाहेर आल्यावर भाऊजी काकुळतीला आले. "अगं, किती सुंदर होता! नुसता उभा होता तरी घर भरल्यासारखं वाटलं असतं."

"ज्याच्याबद्दल तक्रार नाही त्याच्यात एकतर पाणीच नाही, नाहीतर कुणीतरी तोंड दाबलंय. माझ्या खिडकीत बसून बघितलं असतंत तर कळलं असतं."

दुसरा पियानो एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरी होता. बाईंनी त्याच्यावर सगळ्या खानदानाचे फोटो मांडले होते, आजोबांपासून ताज्या पतवंडापर्यंत. एकेकाची ओळख करून देत त्या एकेक फोटो उतरवत होत्या आणि भाऊजी प्रत्येकाला "वा, काय चेहरा आहे!" म्हणत होते, त्यामुळे झाकण उघडेपर्यंतच माझी पोरांना आणायची वेळ होत आली. बाई म्हणाल्या, हा पियानो म्हणजे त्यांच्या घरचं माणूसच, कधी कुरकुर नाही, कधी आजारपण नाही. वहिनीने करंगळी ठेवली. या वेळी पट्टी खाली गेली! गेली ती वरच आली नाही. सगळे वाकून बघू लागले. भाऊजींनी खालची फळी काढली, तर आत एक चमचा, एक मोजा, उंदराचं जुनं बिऱ्हाड आणि एक चष्मा.

भाऊजींनी चष्मा उचलला, पुसला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा फुलला. "ही आपल्या दुकानातली फ्रेम! मीच दिली होती. तुम्हालाच, बाई!"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पियानोकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, किती खराब झालाय हा!"

आम्ही चहा पिऊन निघालो. मधे आणखी दोन-तीन पियानो झाले, पण त्यांच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. एकाच्या आत पाणी मुरलं होतं, एकाची मालकीण भाव सांगेना, एकाच्या घरचा कुत्रा मला आवडला नाही. माझ्या व्हॅनच्या पेट्रोलचं नाव कुणी काढत नव्हतं. मी दोनदा भडकले, दोन्ही वेळा भाऊजी म्हणाले, "ड्रायव्हर, तू रागावलीस की फार छान दिसतेस," आणि मी तिसऱ्यांदा भडकले.

तेव्हा व्यायामाच्या बाईंनी एक माणूस सुचवला. पियानोला सूर लावणारा. पियानोच्या आत तारा ताणून धरणाऱ्या लोखंडी खुंट्या असतात, त्या पिळत हिंडणं हा त्यांचा धंदा, म्हणून मी त्यांचं नाव खुंटीवाले ठेवलं. उंच, वाकलेले, आणि बोलायला शब्दागणिक पैसे पडत असावेत असे. ते आमच्याबरोबर शेवटचा पियानो बघायला आले.

तो एका नाचाच्या वर्गाच्या हॉलमध्ये होता, आणि तो विकणारा तिथला व्यवस्थापक दारातच सुरू झाला. "या. बघा. डोकेदुखी आहे नुसती! उजवं पायडल दाबलं की मांजराची शेपटी चिरडल्यासारखं ओरडतं. हवा ओली झाली की मधल्या दोन पट्ट्या चिकटतात. एका कोपऱ्याला चीर आहे, ती पोरांनी खुर्ची आपटली तिची. रंग तर बघूच नका. सासऱ्यांनी माझ्या गळ्यात बांधला, स्वतः सुटले. तुम्ही नेताय? नीट विचार करा हं."

वहिनीचा चेहरा असा उजळला की झटक्यानंतर तसा मी तो बघितलाच नव्हता. ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"पायडल. कधीपासून ओरडतंय?"

त्याला तारखेनिशी माहीत होतं! पट्ट्या कधी चिकटल्या, कोणी सोडवल्या, परत कधी चिकटल्या, सगळं त्याने घडाघडा सांगितलं. वहिनी माना डोलवत ऐकत होती. तेवढ्यात खुंटीवाल्यांनी पियानो उघडून आत दिवा धरला, खुंट्या पिळून बघितल्या, तारांवर बोट फिरवलं. "खुंट्या घट्ट आहेत," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाकी जे आहे ते तो सांगतोय तेवढंच."

"ऐकलंत?" वहिनी भाऊजींना म्हणाली. "तेवढंच. लपवलेलं काही नाही." मग उठून डाव्या टोकाला गेली. करंगळी टेकवली, दाबली. पट्टी थोडी खचली आणि थांबली. आवाज नाही. तिने हात मागे घेतला, पदर कपाळावर टेकवला आणि म्हणाली, "हाच."

"पण वाजला नाही ना गं," भाऊजी म्हणाले.

"वाजला असता तर घेतला नसता. आल्या आल्या गोड बोलणारे मला नकोत, एक घरात आहे."

पियानो जिन्यातून वर कसा चढला ते मी सांगणार नाही. चार हमाल, चारही जण एकमेकांना 'तुझ्याकडून' म्हणत होते, आणि माझ्या दाराच्या चौकटीचा टवका अजून गेलेला आहे. शेवटी तो वहिनीच्या बाहेरच्या खोलीत भिंतीशी उभा राहिला. खुंटीवाले येऊन दिवसभर आत डोकं घालून बसले. पायडल गप्प झालं, चिकट पट्ट्या सुटल्या.

संध्याकाळी वहिनी डाव्या टोकाशी बसली. आम्ही दोघं मागे उभे. तिने करंगळी ठेवली, श्वास घेतला, दाबली.

टाळी वाजली. मग पियानो वाजला.

खोल, घुमणारा, खिडकीच्या काचा थरथरवणारा आवाज. वहिनी "अगं!" म्हणाली आणि मी तिला मागून मिठीच मारली. नाकातोंडातून पाणी, माझं, तिचं, कुणाचं कळेना. भाऊजी टाळ्या पिटत होते. टाळी आवाजाच्या आधी कशी वाजली, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही.

वहिनीच्या मात्र डोक्यात नाही, कानात शिरलं. ती रडता रडता थांबली. "श्श."

"काय झालं?"

"मी बोट उचललंय."

उचललं होतं. हात मांडीवर होता. आणि पियानो अजून घुमत होता. तिने डोळे मिटून मान वाकडी केली, फोनला कान लावायची तशी. मग उजव्या हाताने मधली एक पट्टी दाबली आणि सोडली. आवाज झाला, बोट उचलताच थांबला. पुन्हा करंगळीने डावीकडची दाबली आणि सोडली. आवाज चालूच.

"नळ बंद केलाय आणि पाणी वाहतंय," वहिनी म्हणाली. "इथे गळती आहे."

भाऊजी एकदम म्हणाले, "चहा टाकू का?"

"बसा."

ते बसले. वहिनीने फोन उचलला आणि खुंटीवाल्यांना विचारलं. खुंटीवाले कधी नव्हे ते चार वाक्यं बोलले. प्रत्येक तारेवर आत एक नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गादी बसलेली असते. पट्टी दाबली की गादी उठते, सोडली की परत बसून आवाज थांबवते. पट्टी जड लागते त्यात त्या गादीचाही भार असतो. भाऊजींनी जिन्यात गाठून विनवणी केली, म्हणून डावीकडच्या काही गाद्या त्यांनी काढून ठेवल्या.

वहिनीने फोन खाली ठेवला. माझ्याही अंगाचा तिळपापड झाला होता, पण मी जिन्याच्या दाराशीच थांबले, कारण मला आधी तिचं बोलणं ऐकायचं होतं.

"माझ्या करंगळीला लाच दिलीत?"

"लाच काय गं... थोडी सवलत."

"मी कधी कुणाची तक्रार न ऐकता बंद केली नाही. साहेब डोक्यावर बसले तरी नाही केली. आणि माझ्या घरात, माझ्याच हाताची तक्रार तुम्ही बाहेरच्या बाहेर निकाली काढता? उद्या मी याच भरवशावर वेणी घालायला बसले असते! आणि जमली नसती तर? मग मी स्वतःला काय समजले असते? वेडी?"

भाऊजींनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते फार म्हातारे दिसतात. "तू रोज सकाळी आरशाकडे पाठ करतेस ना," ते म्हणाले, "तेव्हा मी कंगवा धरून तुझ्या मागे उभा असतो. मला तुझे केस विंचरायला फार आवडतं. उभ्या जन्मात तू मला हात लावू दिला नव्हतास त्यांना. पण ती पाठ मला बघवत नाही. मला एकदा तरी तुझा चेहरा बघायचा होता, बस्स."

वहिनीने त्यांच्या हातातला चष्मा घेतला आणि परत त्यांच्या डोळ्यांवर चढवला. मग ती म्हणाली, "बघितलात ना? आता उद्या त्या माणसाला बोलवा आणि गाद्या परत बसवा. सगळ्या."

गाद्या बसल्या. पियानो पुन्हा मुका झाला, निदान डाव्या टोकाला. आणि वहिनीने रोज त्याच्यापुढे ठाण मांडलं. सकाळी बसायची, दुपारी बसायची. बाकी बोटांनी पट्ट्या वाजवून करंगळीला लाज आणायची, तिसऱ्या बोटाने अनामिकेला ढकलायची. गाणं नाही, सूर नाही, काही नाही. धप्. धप्. धप्. माझं छत आणि तिची जमीन एकच, त्यामुळे आवाज वाजला नाही तरी धप् मला पोचायचंच.

शेजारच्या गृहस्थांनाही पोचायचं. एके दिवशी ते तणतणत वर गेले. मी मजा बघायला मागोमाग. वहिनीने दार उघडलं, त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि प्रेमाने विचारलं, "कधीपासून?" गृहस्थ आठवू लागले. "सकाळी जास्त की दुपारी? ठोका कोरडा येतो की ओला? मधे खंड पडतो का?" गृहस्थ उत्तरं देता देता इतके रमले की निघताना म्हणाले, "ताई, काल दुपारी एकदा जरासा आवाज आल्यासारखा वाटला हं."

"भास असेल," वहिनी म्हणाली. "तक्रार चालू आहे."

पण त्या दिवशी तिने जरा जास्तच वेळ ठाण मांडलं.

हवा बदलली, स्वेटर कपाटात गेले, पोरांच्या परीक्षा आल्या. डॉक्टरांचं वर्ष संपत आलं. मी आपणहून काही विचारणं सोडून दिलं होतं. विचारलं की वहिनी चिडायची आणि न विचारलं की मी. भाऊजी रोज सकाळी वेणी घालत होते. सरावाने त्यांचा हात सुधारला होता, वेणी आता पाठीच्या मधोमध उतरायची. तरी वहिनी आरशाकडे पाठच करायची.

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाबाहेर व्हॅन लावून बसले होते. पोरं सुटली होती, आत कोंबून झाली होती, पेपर कसा गेला त्यावर मागे मारामारी चालली होती. फोन वाजला. वहिनी.

"गाडी चालवतेयस?"

"उभी आहे. काय झालं? बरी आहेस ना?"

"ऐक."

मी मागे वळून अशी गरजले की अख्खी व्हॅन गप्प झाली. मागून कुणीतरी भोंगा वाजवत होतं, त्याला मी खिडकीतून हात करून काय सांगायचं ते सांगितलं. फोन कानावर घट्ट दाबला.

आधी काहीच नाही. तिचा श्वास. लाकडाची बारीकशी कुरकुर. मग आला. मोठा नाही, काचा थरथरवणारा नाही. खालून कुठून तरी, जडसा, पण आला. राहिला. आणि थांबला. स्वच्छ थांबला, टिपटिप नाही.

"आला?" वहिनीने विचारलं.

"आला."

"थांबला?"

"थांबला गं, नीट थांबला. भाऊजी काय म्हणाले?"

"हे दुकानात गेलेत. यांना विचारून काय उपयोग, आधीच टाळ्या वाजवतात. म्हणून तुला लावला."

"मग झाली ना बंद तक्रार! वहिनी, आता वेणी! एखाद्या महिन्यात—"

"वेणी सकाळीच घातली."

"काय?"

"पहाटे जाग आली, न्हाणीघरात गेले, आरशासमोर उभी राहिले आणि घातली. पहिल्यासारखी नाही, पण घट्ट. बराच वेळ बघत उभी होते. मग सोडली."

"सोडलीस? का?"

"हे उठून कंगवा शोधत होते."

मागे पोरं पुन्हा कुजबुजू लागली होती.

"तेव्हा ऐक," वहिनी म्हणाली. "पियानो वाजला ते मी सांगीन त्यांना संध्याकाळी, वाजवूनच दाखवीन, बसू देत टाळ्या पिटत. वेणीचं बोलायचं नाही. ती तक्रार चालू आहे."